घरच्या टाकीला सोपा व्हॉल्व्ह बसवा
घरातला पाइप फुटला की पाणी ताबडतोब बंद करावे लागते. चाकाच्या गेट व्हॉल्व्हला बरेच फेरे द्यावे लागतात. महिनोन्‌महिने न हलवल्यास तो गंज व क्षारांमुळे अडकतो. तळाशी गाळ बसल्यास पूर्ण बंद होत नाही. तोवर टाकी रिकामी होते. त्याऐवजी टाकीतून खाली येणाऱ्या पाइपावर दांडीचा पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवावा. तो पाव फेऱ्यात बंद होतो. वयस्कर माणसांनाही जमतो. दांडी पाइपाच्या रेषेत असल्यास चालू, आडवी असल्यास बंद. बसवताना दांडी फिरण्यास जागा ठेवावी. शेजारी युनियन जोडावे, म्हणजे पाइप न कापता व्हॉल्व्ह काढता येतो. महिन्यातून एकदा तो उघड-बंद करावा, म्हणजे ऐनवेळी अडत नाही.