भिंगाची निगा (लेखांक ७) : आश्विनातले ऊन आणि जांभळी झाक

द्रावणाचा विषय या खेपेस घ्यावयाचा असा करार गेल्या लेखाच्या अखेरीस वाचकांशी केला होता, तो आणखी एका आठवड्यापुरता तहकूब ठेवणे भाग आहे. कारण इगतपुरीच्या एका वाचकांच्या पत्रात दोन प्रश्न असे आहेत की, त्यांचा निकाल लागल्यावाचून द्रावणाची बाटली कोणाच्याही हाती देणे मला अप्रशस्त वाटते. त्यांच्या आजोबांचा घडीचा झाइस इकॉन कॅमेरा, टेसार भिंगाचा, कातडी पेटीत बंद होऊन कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षे पडून होता. पाऊस सरल्यावर पेटी उघडली, तेव्हा भिंगाच्या आत फाटे फुटलेले बारीक पांढरट तंतू दिसले आणि पुढच्या काचेवर, प्रकाश तिरका पडला असता, जांभळट झाक दिसली. वडीलधारी मंडळी म्हणतात, चार दिवस ऊन दाखवा. शेजारचे एक जाणते गृहस्थ म्हणतात, ती झाक टूथपेस्टने घासून काढा. पैकी कोणाचे मानावे?

ऊन दाखविण्यामागील श्रद्धा समजण्यासारखी आहे. गोधड्या, डाळी, पोथ्या, जे जे म्हणून पावसाने सर्द होते त्याला आश्विनातले ऊन द्यावे हा आपल्या घरांतला पिढीजात शिरस्ता असून गोधडीच्या बाबतीत तो बिनतक्रार लागू पडतो. भिंगाची गोष्ट निराळी. बुरशी मारण्याचे सामर्थ्य ज्या अतिनील किरणांत असते, त्यांतला जहाल भाग काच स्वतःच शोषून घेते, त्यामुळे आतल्या पृष्ठापर्यंत पोहोचते ती मुख्यत्वे उष्णता. आणि उष्णतेने काय होते, तर टेसारच्या मागच्या जोडभिंगाला एकत्र धरणारा कॅनडा बाल्सम हा वृक्षरस मऊ पडून जोड सुटू लागतो, वंगण पातळ होऊन झडपेच्या पात्यांवर उतरते, आणि भिंगाचे तोंड चुकून सूर्याकडे राहिले तर सूर्यबिंब आतल्या भागांवर एकवटून चटका बसतो, तो वेगळाच. शिवाय बुरशी मेली म्हणून नाहीशी होत नाही. ती जिवंत असताना जी आम्ले सोडते त्यांनी काचेवरचा लेप आणि पुढे काचही कोरली जाते, आणि हे कोरीव काम कोणत्याही उपायाने पुसता येत नाही. तेव्हा भिंग लवकरात लवकर जाणत्या कारागिराकडे न्यावे. तो ते खोलून बहुधा अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणाने आतली काच पुसून देईल. ऊन द्यावयाचेच असेल तर कातडी पेटीला द्यावे, आणि दिल्यावरही ती रिकामीच ठेवावी.

कारण खरा मुद्देमाल ती पेटीच आहे. कातडे दमट हवेतला ओलावा धरून ठेवते आणि स्वतः बुरशीचे खाद्यही होते. त्यात अंधार, कोंडलेली हवा आणि काचेवर राहिलेला बोटाचा तेलकट ठसा एवढी सामग्री जमली, आणि हवेची सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांवर काही दिवस टिकली, की बुरशीला अन्य कशाची गरज उरत नाही. आमचा नाशिक जिल्हा या बाबतीत एकजिनसी नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या इगतपुरीस वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस, तर नाशिक शहरास सुमारे ७००. म्हणून पंचवटीतल्या माणसाची उघड्या फळीवर निभावून जाणारी व्यवस्था इगतपुरीकराने किंवा त्र्यंबकच्या माणसाने उचलू नये. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक, एवढा बंदोबस्त पुरे. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान असावा. निळे जेल ओलावा शोषून गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येते, परंतु त्यातला निळा रंग कोबाल्टच्या विषारी क्षाराचा असल्याने स्वयंपाकाच्या तव्याला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. त्यापेक्षा नारिंगीचे हिरवे होणारे जेल बरे. डब्यात तांदूळ घालण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो देणाऱ्याने तांदळाची पूड काचेवर कशी बसते ते एकदा पाहावे.

आता जांभळी झाक, आणि माझ्या आवडीचा विषय. गेल्या शतकाच्याही आधी, १८९०च्या दशकात, यॉर्कच्या कुक कंपनीतले भिंगरचनाकार हॅरल्ड डेनिस टेलर यांच्या ध्यानात आले की, हवेने काळवंडलेले जुने भिंग, जे कोणीही सद्गृहस्थ खराब म्हणून बाजूस सारील, ते नव्या कोऱ्या भिंगापेक्षा अधिक प्रकाश पलीकडे जाऊ देते. काचेवर आपोआप चढलेला तो अतिसूक्ष्म थर परावर्तन कमी करीत होता. टेलरांनी रसायनांच्या साहाय्याने हा गंज मुद्दाम आणून पाहिला. पण भरवशाचा मार्ग सापडला तो १९३५ साली, येना येथील झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पात्रात काचेवर लेप चढविला तेव्हा.

लेपावाचून काय जाते, याचा हिशेब सोपा आहे. काच आणि हवा जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. टेसारला अशी सहा पृष्ठे, म्हणजे पाचातला एक हिस्सा तरी फिल्मपर्यंत पोहोचतच नाही, आणि त्यातला काही आतल्या आत भटकून चित्राचा काळा रंग राखाडी करतो. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवून झाल्यावर दादासाहेब फाळके आपला संसार आणि कारखाना घेऊन नाशिकला आले, ते अशाच बिनलेपाच्या भिंगांच्या काळात, आणि उघड्या उन्हाच्या बळावर त्यांनी इथे ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ उभी केली. लेपाची भिंगे बाजारात सर्रास मिळू लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि फाळके तर १९४४च्या फेब्रुवारीत याच गावी निवर्तले. त्यांच्या चित्रांतला करडेपणा पाहून त्यांच्या कौशल्यावर शेरा मारणाऱ्यांनी प्रकाशाची ही परस्पर होणारी वजावट आधी जमेस धरावी.

तेव्हा पत्रलेखकांनी दोन गोष्टींची खातरजमा करावी. भिंगाच्या कडेवर ‘टी’ हे लाल अक्षर असेल तर जांभळा रंग झाइसने चढविलेल्या लेपाचा आहे. नसेल आणि कॅमेरा युद्धापूर्वीचा असेल, तर बहुधा तो टेलरांच्या ओळखीचा नैसर्गिक थर आहे. मागून विजेरीचा प्रकाश टाकून पाहावे: रंग केवळ परावर्तनात दिसून आरपार पाहता काच नितळ असेल तर चिंता नाही, सारी काच धुरकट दिसली तर तो दोष आहे आणि कारागिराचे काम आहे. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, आणि ती या दोहोंपैकी कशालाही लावू नये. ते लाल अक्षर आहे की नाही, एवढे मला एका पोस्टकार्डावर अवश्य कळवावे. द्रावणाचे पुढच्या आठवड्यात, दुसरे कोणाचे पत्र आडवे आले नाही तर.