बंधन नसते तर

सकाळी ७. चहा घेता घेता कालचे टिपण पुन्हा वाचते. विषय डॅलसचा लव्ह फील्ड विमानतळ. शेजारच्या नव्या, मोठ्या विमानतळाला धक्का लागू नये म्हणून १९७९च्या राइट दुरुस्तीने लव्ह फील्डवरून मोठ्या विमानांना टेक्सास आणि लगतची चार राज्ये एवढीच मुभा ठेवली. हे बंधन नसते, तर कोणत्या मार्गावर कोणाची विमाने उडाली असती?

९. वहीत एकच मार्ग मांडते. कंपन्या दोन. एकटीच उडाली तर १० लाखांचा नफा, दोघी उडाल्या तर प्रत्येकीला ४ लाखांचा तोटा. म्हणजे ‘फक्त पहिली’ हाही समतोल (कोणालाच आपला निर्णय एकटीने बदलावासा वाटत नाही) आणि ‘फक्त दुसरी’ हाही. यांतला कोणता प्रत्यक्षात येईल, हे मॉडेल सांगत नाही. निदान ‘एक कंपनी’ हा आकडा तरी पक्का. पण मोठ्या आणि लहान कंपन्या एकमेकींना सारखा फटका देत नाहीत. मग एका समतोलात एक मोठी, दुसऱ्यात दोन लहान, असेही होते.

११. विद्यार्थी विचारतो, “मॅडम, सगळ्यांत नफ्याचा समतोल धरू या का? एकच उत्तर येईल.”

“येईल, पण ते आपण निवडलेलं असेल. बंधन असताना जो समतोल रुळला, तोच बंधन उठल्यावर टिकेल कशावरून?”

अर्थतज्ज्ञ पॅनले जिया यांनी २००८च्या वॉलमार्ट-केमार्ट या दुकानसाखळ्यांच्या अभ्यासात केमार्टला सोयीचा समतोल धरला, पण तसे उघड सांगून आणि इतर पर्यायही तपासून. ही पद्धत मला मान्य आहे. गुपचूप निवड नाही.

दुपारी २. खरे काम आता. सहा कंपन्या, प्रत्येकीने उडायचे किंवा नाही, म्हणजे प्रत्येक मार्गावर ६४ शक्यता. नफ्यातले अज्ञात घटक यदृच्छेने बदलत जायचे आणि प्रत्येक वेळी तपासायचे: कोणाही कंपनीला आपला निर्णय एकटीने बदलावासा वाटणार नाही, अशा शक्यता किती? समजा, १,००० फेऱ्यांपैकी ३१० वेळा ‘फक्त साउथवेस्ट एअरलाइन्स’ हा एकमेव समतोल निघाला आणि आणखी २३० वेळा अनेकांतला एक. तर त्याची संभाव्यता ३१ ते ५४ टक्के. अर्थतज्ज्ञ चिलिबर्तो आणि तामेर यांनी २००९मध्ये याच विमानतळासाठी ही वाट घालून दिली.

संध्याकाळी ५. मसुद्यावर शेरा आला आहे: ‘नेमका आकडा द्या.’ मी पट्टाच ठेवते. धोरण ठरवणाऱ्याला तो अपुरा वाटेल, पण माहिती तेवढेच सांगते.

६.३०. बंधन खरोखर उठले १३ ऑक्टोबर २०१४ला, पण लव्ह फील्डला २० गेटांची मर्यादा घालून. गेट मोजके असले की एका मार्गाचा निर्णय दुसऱ्याला बांधला जातो. ६४ शक्यतांचा तक्ता मार्गामार्गाने सुटा तपासता येत नाही. उद्या तो भाग नव्याने लिहायला घेणार.