अपरिचित म्हणजे निकामी नव्हे : ऑपरेटिंग सिस्टीमबद्दलचे काही गैरसमज

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीम कोणत्या, असं विचारलं तर बहुतेकांची यादी विंडोज, अ‍ॅपलची मॅकओएस, फोनवरच्या अँड्रॉइड आणि आयओएस आणि फार तर लिनक्स, इथे संपते. या यादीबाहेरचं सगळं जुनाट, बंद पडलेलं किंवा हौशी मंडळींच्या प्रयोगापुरतं असतं, अशी समजूत आहे. ती होण्याचं कारण उघड आहे. आपण ऑपरेटिंग सिस्टीम ओळखतो ती पडद्यावरच्या खिडक्यांवरून आणि चिन्हांवरून. तिचं खरं काम मात्र पडद्याशी फारसं निगडित नसतं. प्रोसेसरचा वेळ कोणत्या कामाला किती द्यायचा, मेमरीची वाटणी कशी करायची, एकच नोंद दोघांनी एकाच क्षणी बदलू नये म्हणून कुणाला थांबवायचं, हे तिचं काम. ज्या सिस्टीमला सामान्य माणसासाठी पडदाच नाही, ती आपल्या यादीत येणार कशी? म्हणून ‘फारशी ठाऊक नाही’ या शब्दांतून तिच्या आपल्याशी असलेल्या ओळखीबद्दल कळतं, तिच्या कुवतीबद्दल काहीच कळत नाही. दिल्ली आणि तिथून चालणाऱ्या देशव्यापी यंत्रणा पाहिल्या तर हे सप्रमाण दाखवता येतं.

सर्वांत मोठं उदाहरण रेल्वेच्या आरक्षणाचं. संगणकावर आरक्षण देण्याचा पहिला प्रकल्प 1985-86 मध्ये नवी दिल्लीत उभा राहिला. सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीने तो ‘इम्प्रेस’ या नावाने तयार केला आणि तो चालला अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स संगणकांवर, व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टीमवर. 1986 मध्येच रेल्वेने ‘क्रिस’ ही आपली माहिती-तंत्रज्ञान संस्था काढली. तिचं मुख्यालय दिल्लीतल्या चाणक्यपुरीत आहे. क्रिसने पुढे ही प्रणाली नव्याने लिहिली, ‘कॉन्सर्ट’ या नावाने. ती 1994 मध्ये सिकंदराबादला सुरू झाली आणि 1999 मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. दादरच्या खिडकीवर उभं राहून हावडा ते पाटणा प्रवासाचं तिकीट काढता येऊ लागलं ते यामुळे. व्हॅक्स संगणक जाऊन अल्फा आले, अल्फा जाऊन इटानियम आले, कंपनीचे मालक बदलले, खुद्द ऑपरेटिंग सिस्टीमचं नावही ओपनव्हीएमएस झालं. पण पाया तोच राहिला. 2025 मध्ये रेल्वेने आरक्षण प्रणालीच्या नूतनीकरणाची माहिती दिली, तेव्हाही सध्याची प्रणाली इटानियम सर्व्हर आणि ओपनव्हीएमएस यांवरच चालत असल्याचं सांगितलं गेलं. गणपतीला कोकणात जाण्यासाठी ज्यांनी कधी आरक्षण केलं आहे, त्या प्रत्येकाचा या ऑपरेटिंग सिस्टीमशी संबंध आलेला आहे. तिचं नाव मात्र त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल.

ही निवड निव्वळ योगायोगाने टिकली असं म्हणता येणार नाही. व्हीएमएस 1977 च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅक्स-11/780 या संगणकाबरोबर जाहीर झाली. 1980 च्या दशकात तिने अनेक संगणक एकत्र जोडून त्यांना एकाच डिस्कवर काम करू देण्याची सोय आणली, आणि कोणती नोंद या घडीला कुणाच्या ताब्यात आहे याचा हिशेब सर्व संगणकांमध्ये मिळून ठेवला. एखादा संगणक बंद पडला तर उरलेले त्याचं काम पुढे नेतात. तिकीट विक्रीला नेमकं हेच लागतं. एकच बर्थ दोघांना विकला जाता कामा नये, आणि एक यंत्र बिघडलं म्हणून देशभरच्या खिडक्या बंद पडता कामा नयेत. शिवाय व्हीएमएस जगापासून तुटलेली कुठलीशी आडवाट नव्हती. तिच्या रचनाकारांपैकी प्रमुख डेव्ह कटलर 1988 मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली विंडोज एनटी तयार होऊन 1993 मध्ये बाजारात आली. आजची विंडोज त्याच एनटीच्या वंशातली आहे. ज्या सिस्टीमला आपण विस्मृतीत गेलेली समजतो, तिच्या रचनेतले विचार आपल्या रोजच्या लॅपटॉपमध्ये आहेत.

यावर सरळ आक्षेप येतो : मग रेल्वे ती बदलते का आहे? आणि सकाळी दहाला तत्काळ तिकिटासाठी संकेतस्थळ अडकतं, ते या जुन्या सिस्टीममुळेच ना? यातला दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण तिथे गल्लत मोठी आहे. आयआरसीटीसीचं संकेतस्थळ 2002 मध्ये आलं. ते आरक्षण प्रणालीच्या पुढ्यात उभं असलेलं वेगळं दार आहे. वापरकर्त्यांची ओळख, पैसे भरणं, बँकांशी संपर्क हा सगळा भार त्या थरावर पडतो. तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे जे प्रयत्न होतात, त्यांत निम्म्यापर्यंत वाटा स्वयंचलित बॉटचा असल्याचं रेल्वेनेच जून 2025 मध्ये सांगितलं. मागणी जागांच्या कितीतरी पट आणि त्यात हे बॉट, अशा वेळी खोळंब्याचं सगळं खापर ऑपरेटिंग सिस्टीमवर फोडणं चुकीचं आहे. पहिला प्रश्न मात्र रास्त आहे. रेल्वे मंत्रालयाने त्याच सुमारास दिलेल्या आकड्यांनुसार प्रणालीची क्षमता मिनिटाला सुमारे 32,000 तिकिटांची होती आणि ती दीड लाखांवर न्यायची आहे. इतकी वाढ हवी तर रचना नवी लागणार. त्याहून मोठी अडचण यंत्रांची आहे : इंटेलने इटानियम प्रोसेसरचा पुरवठा 2021 मध्ये थांबवला. म्हणजे बदलाची गरज पायाखालचं यंत्र नाहीसं झाल्यामुळेही आली. ओपनव्हीएमएस तेव्हाही संपलेली नव्हती. व्हीएमएस सॉफ्टवेअर या कंपनीने ती आजच्या नेहमीच्या एक्स86 प्रोसेसरवर आणून 2022 मध्ये तिची आवृत्ती दिली. एखादी सिस्टीम बदलण्याला सबळ कारणं असू शकतात, आणि इथे ती आहेत. त्यावरून ती निकृष्ट होती असं ठरत नाही. चार दशकं तिने जे काम केलं, तेवढी परीक्षा फार थोड्या सिस्टीमना द्यावी लागली आहे.

‘बंद पडली ती संपली’ हा दुसरा समज. मोझिलाने फोनसाठी बनवलेली फायरफॉक्स ओएस बाजारात चालली नाही आणि 2015 च्या अखेरीस कंपनीने स्मार्टफोनसाठीचं तिचं काम थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. तिचा सोर्स कोड खुला होता, त्यामुळे त्यावरून कायओएस उभी राहिली; आणि 2017 मध्ये रिलायन्सने जिओफोन आणला तो याच कायओएसवर. 2020 पर्यंत जिओफोनच्या वापरकर्त्यांची संख्या 10 कोटींवर गेल्याचं कंपनीने सांगितलं. स्मार्टफोनच्या बाजारात हरलेली सिस्टीम भारतातल्या बटणांच्या स्वस्त फोनवर कोट्यवधी हातांत पोचली. अर्थात ही गोष्ट पूर्ण सांगायची तर तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. व्हॉट्सअ‍ॅपने जून 2024 मध्ये कायओएससाठी आपलं अ‍ॅप नव्याने देणं थांबवलं. ज्या घरात तेवढा एकच फोन आहे, त्यांच्यासाठी हा धक्का खरा होता. मोठ्या कंपन्या अ‍ॅप बनवतात त्या वापरकर्ते जिथे जास्त तिथे, आणि तिथे अल्पपरिचित सिस्टीम कमी पडते हे मान्यच केलं पाहिजे.

ऑपरेटिंग सिस्टीम फक्त संगणकात आणि फोनमध्ये असते, हा समज तर सहज खोडता येतो. चिप बसवलेला वाहन परवाना पाकिटात असेल तर त्या चिपमध्येही एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. राज्याराज्यांनी वेगवेगळ्या पुरवठादारांकडून कार्डं घेतली असती तर एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात वाचता आलं नसतं. म्हणून या शतकाच्या सुरुवातीला आयआयटी कानपूर आणि दिल्लीतलं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, यांनी ‘स्कोस्टा’ हे सामाईक मानक तयार केलं. कार्डावरची सिस्टीम या मानकाप्रमाणे आहे की नाही, याची तपासणी एनआयसी करतं. कोणत्या फाइलला कोण हात लावू शकतं, कोणती माहिती फक्त वाचता येते, कोणती अधिकाऱ्याच्या किल्लीशिवाय बदलता येत नाही, हे सगळं ती नखाएवढी चिप ठरवते. 2008 मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांना देशातला पहिला ई-पासपोर्ट दिला गेला, त्यातल्या चिपलाही अशीच स्वतःची सिस्टीम लागली. एकट्या कंपनीच्या मर्जीवर न सोडता देशाने सामाईक मानक आखलं आणि ते तपासण्याची व्यवस्था उभी केली, हे स्कोस्टाचं मोल मला फार वाटतं. त्याची चर्चा व्हायला हवी तितकी झालेली नाही.

आता उलट दिशेचा गैरसमज, जो अधिक घातक आहे : कुणाला माहीत नाही म्हणजे हॅकरलाही माहीत नाही, म्हणून अनोळखी सिस्टीम आपोआप सुरक्षित. पुरावा याच्या अगदी विरुद्ध आहे. ऑक्टोबर 1989 मध्ये ‘वँक’ नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम, नासाच्या व्हीएमएस संगणकांमध्ये पसरला, तोही गॅलिलिओ यानाच्या उड्डाणाच्या तोंडावर. तो आत शिरला त्यात सोप्या पासवर्डचा मोठा वाटा होता. काही खात्यांचं नाव आणि पासवर्ड एकच होते. 2018 मध्ये व्हीएमएसमधली आणखी एक गंभीर त्रुटी उघड झाली. ती 1980 च्या दशकापासून तिथेच होती. इतकी वर्षं ती कुणाच्या डोळ्यांत आली नाही याचं कारण तपासणारे डोळेच कमी होते. मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची गोष्टही अशीच. अँड्र्यू टॅनेनबाऊम यांनी ती विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिली आणि 1987 मध्ये प्रसिद्ध केली. इंटेलने 2015 पासूनच्या प्रोसेसरबरोबर येणाऱ्या आपल्या ‘मॅनेजमेंट इंजिन’ या अंतर्गत भागात तिच्यावर आधारलेली सिस्टीम वापरली, हे 2017 मध्ये सर्वत्र कळलं तेव्हा खुद्द टॅनेनबाऊम यांनी इंटेलला खुलं पत्र लिहिलं. त्या चिप असलेले लॅपटॉप नोएडा-गुरुग्रामच्या कार्यालयांतही असणारच, आणि तिथे विंडोजवर काम करणाऱ्यांना खाली आणखी एक ऑपरेटिंग सिस्टीम चालते आहे याची कल्पना नसणार. त्याच वर्षी इंटेलला या भागातल्या त्रुटी मान्य करून दुरुस्त्या द्याव्या लागल्या. त्रुटी शोधणारे आणि दुरुस्त करणारे लोक असतात तिथेच सुरक्षा येते. अपरिचयाने ती येत नाही.

हाच धागा स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीमच्या वादापर्यंत जातो. ऑगस्ट 2023 मध्ये बातमी आली की संरक्षण मंत्रालय साउथ ब्लॉकमधल्या संगणकांवरून विंडोज काढून ‘माया’ ही नवी सिस्टीम बसवणार आहे आणि तिच्याबरोबर ‘चक्रव्यूह’ हे संरक्षक सॉफ्टवेअर असेल. त्याआधी 2007 मध्ये सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्रातून ‘बॉस’ आली होती, मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय असलेली. दोन्हींबद्दल दोन टोकाचे समज आहेत. काहींना वाटतं की या शून्यापासून भारतात लिहिल्या गेल्या. तसं नाही : माया उबुंटूवर आधारलेली आहे आणि बॉस डेबियनवर. हे कळलं की दुसरं टोक गाठलं जातं : मग हे तर नुसतं नाव बदलून केलेलं फसवं काम! हेही चूक आहे. उबुंटू स्वतः डेबियनवर उभी आहे, अँड्रॉइड लिनक्सच्या गाभ्यावर, मॅकओएसच्या मुळाशी माख आणि बीएसडी आहेत. शून्यापासून लिहिणं हा निकष लावला तर जगातल्या फार थोड्या सिस्टीम उरतील. योग्य प्रश्न निराळे आहेत. कोड आपल्याला वाचता येतो का, त्रुटी सापडली तर ती आपण स्वतः किती दिवसांत दुरुस्त करू शकतो, आणि हे काम जाणणारी माणसं पुढची वीस वर्षं पगारावर असतील का? परक्या कंपनीने उद्या हात आखडता घेतला तर काय, याचं उत्तर खुल्या कोडवर आधारलेली सिस्टीम देऊ शकते. पण ती सांभाळणारी टीम नसेल तर ते उत्तर कागदावरच राहतं. स्वदेशी सिस्टीमच्या उद्घाटनाची बातमी मोठी होते. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर मिळतात की नाही, याची बातमी होत नाही, आणि माझ्या मते तिचा कस तिथेच लागतो.

या कसोटीवर रेल्वेची कामगिरी उजवी ठरते. व्हीएमएस परदेशी होती आणि तिचे मालक कित्येकदा बदलले, तरी तिच्यावर तिकिटांचं सॉफ्टवेअर लिहिणारी, ते एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणारी आणि रात्रंदिवस चालतं ठेवणारी माणसं क्रिसची होती. आता नवी प्रणाली येत आहे आणि ती यायलाच हवी. पण जुनी उतरवताना तिचे सर्व्हर भंगारात आणि कागदपत्रं रद्दीत जाऊ नयेत, एवढी विनंती रेल्वेला आणि क्रिसला करावीशी वाटते. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय चाणक्यपुरीतच आहे. वाफेच्या इंजिनांच्या शेजारी आरक्षणाच्या या यंत्रांना, इम्प्रेस आणि कॉन्सर्टच्या आराखड्यांना आणि ते लिहिणाऱ्या अभियंत्यांच्या मुलाखतींना तिथे जागा द्यावी. ती माणसं आज भेटू शकतात, तोवरच हे करून घ्यायला हवं.