घरच्या बॅकअपसाठी कुठली हार्ड डिस्क? आधी ‘कुठे’ ते ठरवू

पीएच.डी.ला नाव नोंदवलं की पहिल्या दोन महिन्यांत ज्युनियर मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो: ‘बॅकअपसाठी कुठली हार्ड डिस्क घेऊ?’ त्यांना कंपनीचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही, कारण नामांकित तीन-चार कंपन्यांपैकी कुठलीही घेतली तरी मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो प्रती किती आहेत आणि त्या कुठे ठेवल्या आहेत यामुळे. मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला तर हे जास्तच लागू होतं. का, ते सांगण्यासाठी आधी दोन संशोधन निबंधांकडे जाऊ. निकालांइतकंच ते निकाल वाचायचे कसे, हेही तुमच्या कामाला येईल.

पहिला निबंध गूगलच्या पिनेरो, वेबर आणि बारोसो या तिघांचा, २००७ सालचा. त्यांनी एक लाखाहून जास्त हार्ड डिस्क तपासल्या. तोवर सगळ्यांचा समज असा, की डिस्क गरम झाली की लवकर मरते. आकडेवारीत तसं काही ठळक दिसेना. अगदी जास्त तापमान सोडलं तर तापमान आणि बिघाड यांचा संबंध फारच कमजोर निघाला. पण खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ नोंदी म्हणतात. त्यात स्कॅन करतानाची पहिली चूक दिसल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बिघडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. हे वाचून वाटतं, वा, म्हणजे नोंदी बघत राहिलं की झालं! थांबा. त्याच निबंधात असंही आहे, की बिघडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांमध्ये चार महत्त्वाच्या इशाऱ्यांपैकी एकही दिसला नव्हता.

दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. स्टेशनवरच्या इंडिकेटरसारखं समजा. त्यावर ‘गाडी उशिरा’ असं आलं तर ती उशिराच येणार, त्यात शंका नाही. पण इंडिकेटर गप्प आहे म्हणून गाडी वेळेवर आहे, असा अर्थ भाईंदरचा कुठलाही माणूस काढणार नाही. तसंच इथेही. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखं फुकटचं साधन वापरून महिन्यातून एकदा नोंदी बघा, पिवळा किंवा लाल रंग दिसला तर त्याच दिवशी डेटा हलवा, पण निळा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

दुसरा निबंध २०१६ चा, रटगर्स विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा. नऊ डेटा सेंटर, १० लाखांहून जास्त डिस्क. प्रश्न असा होता, की बाहेरची हवा आत घेऊन थंड केलेल्या डेटा सेंटरमध्ये डिस्कवर काय परिणाम होतो? निष्कर्ष असा, की तापमानापेक्षा सापेक्ष आर्द्रतेचा परिणाम मोठा दिसतो. जास्त आर्द्रतेत मुख्यतः बिघडतो तो डिस्कचा कंट्रोलर, म्हणजे जोडणी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग.

आता आपल्या गावाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरं. जुलैत इथे वाळत घातलेले कपडे तीन दिवस ओलसर राहतात आणि बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. पुण्या-नागपूरच्या मित्राने ‘माझी डिस्क आठ वर्षं टेबलावर पडलीय, काही होत नाही’ असं सांगितलं, तर तो खोटं बोलत नसेल, पण त्याचं टेबल वेगळ्या हवेत आहे.

इथे एक सावधगिरी हवी. डेटा सेंटरमधली डिस्क चोवीस तास फिरत असते, तुमची मात्र कपाटात झोपलेली असते. त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा घरावर लावता येणार नाही. व्हायव्हामध्ये कुणी ‘हे सामान्यीकरण कशाच्या आधारावर?’ असं विचारलं तर आपण अडकू. पण आर्द्रता हा आपल्याकडचा दुर्लक्षित धोका आहे, एवढी दिशा त्यातून नक्की मिळते, आणि त्यावरचा उपाय इतका स्वस्त आहे की वाद घालण्यात अर्थ नाही. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे पुडीत बांधून ठेवा, रंग बदलला की दाणे पाकिटावर सांगितल्याप्रमाणे गरम करून पुन्हा वापरा. बुटांच्या खोक्यातली जुनी पुडी बहुतेक वेळा आधीच ओल पिऊन बसलेली असते. डबा ओल येणाऱ्या भिंतीला लागून किंवा कपाटाच्या तळच्या कप्प्यात नको. (मोबाईल भिजल्यावर तांदळात ठेवायचा तो घरगुती उपाय इथे करू नका, तांदळाची पूड यूएसबीच्या खाचेत जाते.) आणि एसी लॅबमधून थंडगार डिस्क घेऊन पावसाळी हवेत आलात तर लगेच जोडू नका. गार पाण्याच्या ग्लासवर बाहेरून थेंब जमतात तसं तिच्यावरही जमू शकतं. अर्धा-पाऊण तास तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

आता मुख्य मुद्दा. सेट-नेटच्या तयारीत आपण सगळ्यांनी हे सूत्र घोकलेलं असतं: दोन घटना एकत्र घडण्याची शक्यता म्हणजे दोन्ही शक्यतांचा गुणाकार. समजा, एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता १०० त २ आहे (आकडा फक्त हिशेबापुरता). मग दोन्ही एकदम जाण्याची शक्यता १०,००० त ४. किती छान! पण हे सूत्र लागू होतं ते घटना स्वतंत्र असतील तरच, आणि नेमकी हीच अट आपण विसरतो. लॅपटॉप टेबलावर, बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात, दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, दोन्ही तळमजल्यावरच्या त्याच फ्लॅटमध्ये. या घटना स्वतंत्र कुठे आहेत?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी तळमजल्यांवर पाणी शिरलं तेव्हा त्याने ‘मूळ प्रत’ आणि ‘बॅकअप’ असा भेद केला नसणार. ज्यांच्या दोन्ही प्रती एकाच खोलीत होत्या त्यांच्या दृष्टीने ती एकच प्रत होती. विरार लोकलमध्ये बॅग गेली आणि तिच्यात लॅपटॉप आणि डिस्क दोन्ही असले तर तेच. डिस्क कायम लॅपटॉपला जोडलेली असेल आणि खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर तो दोन्हीकडच्या फायली कुलूपबंद करतो. एकाच दुकानातून एकाच दिवशी एकाच मॉडेलच्या दोन डिस्क घेतल्या तर त्या एकाच बॅचच्या असू शकतात, दोषही सारखाच असू शकतो.

मोठ्या संस्थाही यात फसतात. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवरचा सुमारे ७७ टीबी संशोधन डेटा पुसला गेला. चोरी नाही, आग नाही: बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामच्याच बदललेल्या आवृत्तीने तो पुसला. १४ संशोधन गटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांचा डेटा परत मिळवता आला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’चा ८५८ टीबी डेटा गेला. बाहेर दुसरी प्रत नव्हती. कारण काय दिलं, तर डेटा फार मोठा होता. हेच कारण आपल्या हॉस्टेलांतही ऐकू येतं.

आपल्याकडची एक जुनी गोष्ट इथे आठवते. लीळाचरित्राची मूळ पोथी खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत हरवली आणि महानुभाव अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केलं, असं परंपरा सांगते. आज त्याचे वेगवेगळे पाठ मिळतात. त्या पिढीची पाठांतराची ताकद वेगळी होती. तुमच्या चाळीस मुलाखतींचं रेकॉर्डिंग गेलं आणि तुम्ही ‘आठवणीतून’ लिहिलं, तर परीक्षक काय म्हणतील ते सांगायला नको.

त्यामुळे छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम धरून चला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. गूगल ड्राइव्ह ‘सिंक’ करणं म्हणजे बॅकअप नव्हे, इकडे चुकून पुसलं की तिकडेही पुसलं जातं. कचरापेटीत काही दिवस राहतं, पण थीसिसच्या गडबडीत ते लक्षात येईपर्यंत मुदत टळलेली असते.

आता खरेदी. पैसे मोजकेच असतील तर एक ५ टीबीची डिस्क घेण्यापेक्षा १ टीबीच्या दोन घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. १ टीबी कमी पडेल असं वाटतंय? हिशेब करा. सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ, न दाबलेलं एका तासाचं रेकॉर्डिंग म्हणजे साधारण ६३५ एमबी. अशा ६० मुलाखती झाल्या तरी ३८ जीबी. व्हिडिओ, जनुकीय डेटा किंवा उपग्रहचित्रं असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा आजच्या डेटाच्या तिप्पट जागा धरा. आणि १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

हार्ड डिस्क की एसएसडी? एसएसडीत फिरणारा भाग नाही, त्यामुळे गर्दीत धक्के खाणाऱ्या बॅगेसाठी ती चांगली. पण ती विजेशिवाय अनंत काळ डेटा धरून ठेवत नाही. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लिहिण्याची मर्यादा पूर्ण वापरून झालेल्या साध्या एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला विजेविना एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे. नवी एसएसडी याहून खूप जास्त टिकवते, तरी कपाटात तीन वर्षं विसरून जायची वस्तू ती नाही. म्हणून माझं मत: फिरती प्रत एसएसडीवर, कपाटातली आणि बाहेरगावची हार्ड डिस्कवर.

हार्ड डिस्कमध्येही ‘सीएमआर’ आणि ‘एसएमआर’ असे दोन प्रकार आहेत. एसएमआरमध्ये डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली कौलंही हलवावी लागतात, म्हणून सतत पुन्हा पुन्हा लिहिताना ती मंदावते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने घरगुती सर्व्हरसाठीच्या काही ‘रेड’ डिस्क एसएमआरच्या आहेत हे आधी स्पष्ट सांगितलं नव्हतं, यावरून बराच गदारोळ झाला आणि मग कंपनीने यादी जाहीर केली. खिशात मावणाऱ्या बहुतेक पोर्टेबल डिस्क आज एसएमआरच असतात. आठवड्यातून एकदा कॉपी करून काढून ठेवायची असेल तर बिनधास्त घ्या. फक्त तिच्यावरून थेट सॉफ्टवेअर चालवू नका.

लॅमिंग्टन रोडला जाऊन घ्या किंवा ऑनलाइन, सीलबंद खोकं, पक्कं बिल, आणि घरी आल्याबरोबर अनुक्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी तपासा. अनोळखी नावाची ‘१६ टीबी एसएसडी’ मातीमोल भावात दिसली तर पुढे सरका. आत छोटी चिप असते आणि आकडा खोटा दाखवलेला असतो; ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हे छोटं साधन पूर्ण जागा लिहून-वाचून हे उघड करतं. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, डेटा नाही.

घराबाहेरची प्रत कुठे? विभागातलं लॉकर, वरच्या मजल्यावर राहणारी ताई, गावचं घर. गावी वर्षातून दोनदाच जाणं होत असेल तर ती प्रत सहा महिने जुनी राहील, मग मधल्या काळासाठी विभागातलं लॉकर बरं. दोन्ही डिस्कांची महिन्याला अदलाबदल करायची. मुलाखती, रुग्णांची माहिती, संमतिपत्रं असतील तर डिस्क एन्क्रिप्ट केलीच पाहिजे, नैतिकता समितीला तुम्ही तसं लिहून दिलेलं असतं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, नाहीतर व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं. पासवर्ड कागदावर लिहून घरात विश्वासाच्या माणसाकडे द्या. तो विसरला तर तुमच्यासाठीही डिस्क बंदच. तो कागद डिस्कच्याच डब्यात मात्र नको.

दर सहा महिन्यांनी दुसऱ्याच कॉम्प्युटरवर डिस्क जोडून पाच-सहा फायली चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडा आणि पूर्ण उघडून बघा. फोल्डरमध्ये नाव दिसणं आणि फाइल उघडणं यांत अंतर आहे.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पोर्टेबल डिस्कची वॉरंटी साधारण दोन-तीन वर्षांची. म्हणजे हा खर्च बहुधा दोनदा येणार हे आत्ताच धरा, फेलोशिपच्या आकस्मिक निधीत बसतो का ते विभागात विचारा, आणि डिस्कवर खरेदीची तारीख चिकटवा. चौथ्या वर्षी नवी आली की जुनी लगेच फेकू नका, तिसरी प्रत म्हणून डब्यात राहू द्या. पुढे भंगारात द्यायची वेळ आली तर नुसतं ‘क्विक फॉरमॅट’ पुरत नाही, त्याने फक्त अनुक्रमणिका जाते, मजकूर तसाच राहतो. पूर्ण डिस्कवर एकदा नवीन काहीतरी लिहून काढा आणि मगच ती भंगारवाल्याच्या हातात द्या.