हलक्या पुस्तकाने अभिरुची बिघडत नाही

जळगाव-धुळ्याकडे मुलांच्या वाचनाचा विषय निघाला, मग तो पालकसभेत असो, ग्रंथप्रदर्शनात असो की १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या भाषणात, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘वाचायचंच आहे, तर काहीतरी चांगलं वाच.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून या वाक्याला कोणी हरकत घेत नाही. त्यामागचा समज मात्र तपासायला हवा. हेरकथा, भयकथा, चित्रकथा, क्रिकेटपटूंची चरित्रं, एकाच नायकाची दहा-वीस पुस्तकं हे काही खरं वाचन नव्हे. त्यात वेळ जातो, अभिरुची बिघडते आणि एकदा बिघडली की मूल थोर साहित्याकडे वळत नाही, असा तो समज आहे. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांच्या, पुस्तक बघताच तोंड फिरवणाऱ्या मुलाच्या हातात पहिलंच पुस्तक ठेवलं जातं ते ‘श्यामची आई’ किंवा ‘मृत्युंजय’. आठवड्याभराने ते विसाव्या पानावर पालथं पडलेलं दिसतं आणि घरचे निकाल देऊन मोकळे होतात: ‘याला वाचनाची आवडच नाही.’ मुलाने एक पुस्तक नाकारलेलं असतं, तेही दुसऱ्याने निवडलेलं. त्यावरून त्याने वाचनच नाकारलं असं ठरवणं हा मोठा अन्याय आहे, आणि खानदेशातल्या घराघरांत तो चांगल्या हेतूने होत राहतो.

हलक्या पुस्तकात काय असतं, ते आधी मोजून बघू. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट एरन्स या अमेरिकी संशोधकांनी १९८८ मध्ये इंग्रजीतल्या निरनिराळ्या मजकुरांची आणि बोलण्याची शब्दगणती प्रसिद्ध केली. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या दहा हजार शब्दांच्या बाहेरचे, म्हणजे दुर्मीळ शब्द दर हजारी किती येतात, हे त्यांनी मोजलं. पदवीधर माणसांच्या आपसातल्या गप्पांत असे शब्द सुमारे १७ निघाले, प्रौढांसाठीच्या टीव्ही कार्यक्रमांत २३, लहान मुलांच्या पुस्तकांत ३१ आणि चित्रकथांच्या मासिकांत ५३. प्रौढांच्या पुस्तकांचा आकडाही ५३च्याच आसपास होता. मोजणी इंग्रजीची आहे, मराठीचे आकडे वेगळे येतील. कारण मात्र दोन्हीकडे सारखंच आहे. बोलताना हातवारे असतात, समोरचा माणूस असतो, दोघांना माहीत असलेला संदर्भ असतो, त्यामुळे थोडक्या शब्दांत भागतं. छापील मजकुराला सगळं शब्दांनीच उभं करावं लागतं. सुशिक्षित आईवडिलांनी जेवताना कितीही शहाणपणाच्या गप्पा मारल्या, तरी शब्दांच्या बाबतीत त्या एका साध्या चित्रकथेची बरोबरी करत नाहीत. ज्या पुस्तकाला घरात ‘टाइमपास’ म्हणून हिणवलं जातं, ते मुलाची भाषा वाढवत असतं.

दुसरी गोष्ट वेगाची. देवनागरी लिपी उच्चारानुसारी असल्यामुळे मूल अक्षरं लावून मोठ्याने वाचू शकतं, आणि ‘त्याला वाचता येतं, फक्त तो आळस करतो’ असं मोठी माणसं समजतात. ‘असर’ या राष्ट्रीय पाहणीचा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वयोगटातल्या ग्रामीण मुलांविषयी होता. आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही त्यांतल्या सुमारे चौथाई मुलांना सफाईने वाचता आला नाही. जिथे प्रत्येक ओळ लावावी लागते, तिथे सगळं लक्ष अक्षरांवर खर्च होतं आणि गोष्टीसाठी काही उरत नाही. असा वाचक दोन पानांत थकतो. त्याला सराव हवा असतो, आणि सराव होण्याइतकं वाचायला मजकूर सोपा आणि ओढून नेणारा लागतो. इथेच मालिका-पुस्तकांचं मोल कळतं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे एका पुस्तकात भेटला की दुसऱ्यात त्याची नव्याने ओळख करून घ्यावी लागत नाही. तो कसा बोलतो, कसा अडकतो, कसा सुटतो हे ठाऊक असतं. तेवढं ओझं कमी झाल्याने दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा भराभर वाचून होतं, तिसरं त्याहून. अशोक जैन यांनी मराठीत आणलेल्या सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या रहस्यकथांचंही तेच. ‘तेच तेच काय वाचतोस’ असं म्हणून ही साखळी तोडणाऱ्याने त्या मुलाचा सरावच बंद पाडलेला असतो.

खानदेशात या चुकीला आणखी एक पदर आहे. ‘श्यामची आई’ हे पुस्तक इथे विशेष आग्रहाने दिलं जातं, कारण साने गुरुजी अमळनेरचे. ते १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत, आजच्या प्रताप हायस्कुलात, शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. आपल्या हाताखालच्या मुलांसाठी या शिक्षकाने काय केलं? त्यांच्यासाठी स्वतः लिहून काढलेलं हस्तलिखित दैनिक चालवलं, पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक काढलं. त्या मुलांपुढे थोर ग्रंथांची यादी ठेवून थांबणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी ताजा, छोटा, त्याच मुलांना उद्देशून लिहिलेला मजकूर रोज समोर ठेवला. न वाचणाऱ्या मुलासाठी याहून शहाणा मार्ग आजचं संशोधनही सुचवत नाही. त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’सुद्धा एकेका रात्री सांगितलेल्या गोष्टींची आहे, अशा बेचाळीस रात्री आहेत. एखाद्या संध्याकाळी घरातल्या कोणी एक रात्र मोठ्याने वाचून दाखवली, तर ती मुलापर्यंत पोचेलही. ‘हे संपव, मग बोल’ अशा आज्ञेने पोचणार नाही. पुस्तकाच्या थोरवीबद्दल वाद नाही; वाद ते कोणत्या क्षणी आणि कसं द्यायचं याबद्दल आहे.

भाषेचं अंतरही विसरलं जातं. २०११ च्या जनगणनेत १६ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा अहिराणी नोंदवली. साक्री-शिंदखेड्याकडच्या कितीतरी मुलांच्या घरात अहिराणी असते, शाळेत प्रमाण मराठी आणि आता इंग्रजीही. अशा मुलासमोर दापोलीजवळच्या पालगडचं, शंभर वर्षांपूर्वीचं कोकणी घर त्या काळच्या मराठीत ठेवलं, तर त्याला एकाच वेळी भाषा, काळ आणि प्रदेश अशी तीन अंतरं ओलांडावी लागतात. त्यात तो अडखळला, तर त्याच्या बुद्धीत खोट काढू नये. तोच मुलगा मोबाइलवर अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ मन लावून बघत असतो, म्हणजे गोष्टीची भूक त्याच्यात आहेच. मोठ्या वयाच्या, सतराच्या पुढच्या मुलासाठी यावलजवळच्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे आहेत. त्यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली आली, तेव्हा ते पंचविशीत होते. खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेल्या तिच्या नायकाचा, पांडुरंग सांगवीकरचा वैताग आजच्या वसतिगृहातल्या मुलाला ओळखीचा वाटू शकतो. पण तीही लादायची नाही, समोर ठेवायची.

आता हरकती. पहिली अशी की हेरकथा वाचणारा आयुष्यभर हेरकथाच वाचत राहील. समजा राहिला. तरी तो काहीच न वाचणाऱ्यापेक्षा बऱ्या स्थितीत असेल, हे आकडे सांगतात. ब्रिटनमध्ये १९७० साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास सुरू आहे. ॲलिस सलिव्हन आणि मॅट ब्राउन यांनी २०१३ मध्ये त्यांतल्या सुमारे सहा हजार जणांची माहिती तपासली. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी स्वतःच्या आनंदासाठी वाचणाऱ्यांची शब्दसंग्रहात, शुद्धलेखनात आणि गणितातही अधिक प्रगती झाली होती. ‘हुशार मुलंच वाचतात, म्हणून तसं दिसतं’ ही शंका इथे कोणीही घेईल. त्यांनी ती आधीच घेतली होती: तुलना सारख्या घरच्या आणि पाचव्या व दहाव्या वर्षी चाचण्यांत सारखे गुण मिळवलेल्या मुलांमध्येच केली होती. २००० सालच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा पुरावाही याच दिशेचा आहे. भारत त्यात नव्हता, पण जिथे ती झाली तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये असं दिसलं की आईवडिलांचा व्यवसाय सर्वांत खालच्या गटातला असूनही जी मुलं भरपूर आणि आवडीने वाचत होती, त्यांनी वाचनाच्या परीक्षेत वरच्या गटातल्या, पण न वाचणाऱ्या मुलांना मागे टाकलं. केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्याच्या किंवा हमालाच्या मुलासाठी ही बातमी फार मोलाची आहे. दहावीच्या वर्षी ‘अभ्यासाचं सोडून पुस्तकं नकोत’ म्हणणाऱ्यांनी गणिताचा उल्लेख पुन्हा एकदा वाचावा.

दुसरी हरकत दर्जाची. लोकप्रिय प्रकार म्हणजे हलका दर्जा, हे समीकरण मराठीत तरी टिकत नाही. जयंत नारळीकरांसारख्या खगोलशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली आणि पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’ अशी पुस्तकं लिहिली. गोष्टीच्या ओढीने विज्ञान वाचलं जातं, हे त्यांनी ओळखलं होतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तासंघर्षाची लहानशी कादंबरी आहे. हाणामारी, भीती, जय-पराजय सगळं तिच्यात आहे आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कारही आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचत मोठ्या झालेल्या पिढीने पुढे दिवाळी अंक, कादंबऱ्या, वैचारिक पुस्तकं सगळं वाचलं. तिसरी हरकत, ‘मग काहीही वाचू द्यायचं का?’, ही रास्त आहे. हिंसेची किंवा द्वेषाची चटक लावणारा मजकूर वेगळा आणि हलकाफुलका मजकूर वेगळा. हा फरक ओळखायला पालकाने ते पुस्तक स्वतः वाचायला हवं. न वाचताच मुखपृष्ठ बघून बंदी घालणं हा त्याला पर्याय नाही.

करायचं काय, तर मुलाला कशात गोडी आहे तिथून सुरुवात. क्रिकेट असेल तर खेळाडूंची आत्मचरित्रं, सातपुड्याचं जंगल असेल तर मारुती चितमपल्ली, वाघ असेल तर जिम कॉर्बेटचे अनुवाद, भीती हवी असेल तर नारायण धारप. एकच पुस्तक देऊ नये, पाच-सहा ठेवावीत आणि त्यांतली चार सोडून द्यायची मोकळीक असावी. डॅनिएल पेनाक या फ्रेंच शिक्षक-लेखकाने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा आणि मुळात न वाचण्याचाही हक्क त्यांत आहे. आपण मोठी माणसं हे हक्क रोज वापरतो, मग मुलाला का नाकारायचे? जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ पासूनचं आहे, धुळ्यात गरुड वाचनालय आहे. तिथे मुलाला नुसतं सभासद करून पुस्तक घरी आणून देऊ नका. त्याला कपाटांपुढे उभं राहू द्या, चुकीचं पुस्तक निवडू द्या, दुसऱ्या दिवशी बदलू द्या. लांबच्या गावात वाचनालय नसेल, तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. ते १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात.

बाकीचे समज थोडक्यात. मोबाइलवर वाचलेलं डोक्यात राहत नाही: २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा माहितीपर मजकुरात कागद सरस ठरला, निव्वळ गोष्टींच्या बाबतीत फरक दिसला नाही. पुस्तकामागे पैसे किंवा बक्षीस कबूल केलं की गोडी लागते: बक्षीस कबूल केलेल्या बालवाडीतल्या मुलांनी नंतर आवडीची चित्रकलाच कमी केली, हा लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. ऐकणं म्हणजे वाचन टाळणं: असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, कानावर पडलेल्या भाषेतूनच त्यांची कविता आली, ऐकलेली गोष्ट पुस्तकाकडे जाण्याचा रस्ता असू शकते. बारा वर्षांनंतर वाचून दाखवायचं नसतं: याला काहीही आधार नाही. आणि शेवटचा, सर्वांत घातक समज, की न वाचणारा प्रत्येक मुलगा आळशी असतो. चष्म्याचा नंबर न तपासलेला असू शकतो, किंवा अध्ययन अक्षमता असू शकते. ओळ सुटणं, अक्षरांची अदलाबदल होणं, वाचताना डोकं दुखणं अशी लक्षणं असतील, तर पुस्तक बदलण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणि गरज पडल्यास तज्ज्ञाकडे न्या. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलतीही मिळतात.