बॅगेत ब्लेझर कशाला?

सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये झोपायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि टॅक्सीनं बॅलार्ड पिअरचा क्रूझ धक्का गाठायचा. प्रवास एवढाच. तरीही क्रूझचं तिकीट काढलेल्या घरात आठ-आठ दिवस खल चालतो तो कपड्यांवर. कंपनीच्या कागदावर कुठंतरी ‘डिनर : स्मार्ट कॅज्युअल’ असं छापलेलं असतं, जहाज परदेशी असेल तर ‘फॉर्मल नाइट’ही असते. मोठी माणसं लग्नातला सूट नाहीतर इरकल काढून मोकळी होतात. अडतं ते पोरांपाशी. आजोबांच्या मते कोट शिवून घ्यावा, आत्या म्हणते घेरदार फ्रॉक हवा, आणि ज्याला घालायचं आहे त्या आठ वर्षांच्या गड्याला फक्त जहाजावर पोहण्याचा तलाव आहे की नाही, हे जाणून घ्यायचं असतं.

पालकांना वाटतो तेवढा हा नियम कडक नाही. क्रूझवरच्या मोठ्या, वेटरनं वाढायच्या जेवणघरांत बंदी असते ती मोजक्या गोष्टींना : पोहण्याचे ओले कपडे, अनवाणी पाय, बिनबाह्यांचे बनियनवजा टी-शर्ट. रॉयल कॅरिबियन, डिस्ने यांच्यासारख्या बड्या कंपन्यांचा रोख साधारण असाच असतो. तलावातून निथळत येऊन खुर्चीत बसू नका, एवढाच त्याचा मथितार्थ. टाय नाही म्हणून एखाद्या पोराला दारातून परत पाठवलं, असं सहसा घडत नाही. आणि अगदीच साध्या कपड्यांत जेवायचं असेल, तर वरच्या मजल्यावर बुफे असतोच.

मग एवढी धास्ती कसली? ती जुनी आहे. बोटीवर कसं दिसावं याची काळजी महात्मा गांधींनाही चुकली नव्हती. १८८८ मध्ये ते विलायतेला निघाले तेव्हा काटा-चमचा कसा धरायचा ते ठाऊक नव्हतं, म्हणून जेवणाच्या टेबलाकडे फिरकायलाही ते लाजले. बरोबर नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर त्यांनी बराच प्रवास काढला. बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा खास उतरण्यासाठी राखून ठेवला. उतरले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच.

आठ वर्षांनी, १८९६ च्या नोव्हेंबरअखेर, ते ‘कूरलँड’ बोटीनं मुंबईहून दक्षिण आफ्रिकेला निघाले. या वेळी कस्तुरबा, दोन मुलगे आणि भाचा बरोबर होते. कुटुंब सुधारलेलं दिसलं पाहिजे, हा बॅरिस्टरसाहेबांचा हट्ट. तेव्हा हिंदी लोकांत पारशी सर्वांत सुधारलेले मानले जात, म्हणून कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी आणि मुलांना पारशी कोट-पाटलोण. बूट-मोजे सगळ्यांना सक्तीचे. जेवताना काटे-सुरी. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये गांधींनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की, बुटांनी मुलांचे पाय आवळले, मोज्यांना घामाची घाण येऊ लागली, पायांची बोटं दुखावली. मुलांच्या तक्रारींना त्यांच्याकडे उत्तरं तयार असत, पण ती अधिकाराच्या जोरावर दिलेली होती, हेही ते कबूल करतात. पुढे तो मोह ओसरला आणि काटे-सुरीही सुटली. क्रूझसाठी मुलांची बॅग भरणाऱ्यानं वाचावं असं याहून चांगलं पान मराठी घरात शोधून सापडणार नाही.

त्या काळच्या साहेबी बोटींवर लहान मुलं बहुधा मोठ्यांच्या पंगतीत नसतच. त्यांना आधी, वेगळं जेवू घालत. ‘क्वीन मेरी २’ चालवणाऱ्या क्युनार्ड कंपनीकडे जुन्या थाटाच्या काही खुणा अजून आहेत. संध्याकाळी सहानंतर नीटनेटका पोशाख आणि काही रात्री ‘गाला’, म्हणजे डिनर जॅकेट, गाऊन. पण तिथंही आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो. म्हणजे जरीकाठाचं परकर-पोलकं किंवा रेशमी कुर्ता घातलेलं मूल जगातल्या सर्वांत शिष्ट जेवणघरातही नियमात बसतं. सोलापूरकराच्या मनात इथं गड्ड्याच्या यात्रेतली पांढरीशुभ्र बाराबंदी येईल. तीही शोभेल, फक्त ऐन जेवणाच्या वेळी तिचे बंद बांधता बांधता बापाची तारांबळ उडेल.

बाकीच्या जगानं मात्र कधीच कॉलर सैल केली. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं २००० च्या सुमारास ‘फ्रीस्टाइल’ची टूम काढली : ठरलेलं टेबल नाही, सक्तीची फॉर्मल रात्र नाही. इतरांनीही आपले नियम हळूहळू ढिले केले.

आपल्या किनाऱ्यावर तर हा थाट नव्हताच. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटींवर लोक डेकवर वळकटी सोडत आणि घरून आणलेली भाकरी खात. समुद्रावर हौसेनं राहायला आणि जेवायला जाण्याची चाल आली ती अलीकडची. सिंगापूरहून सुटणाऱ्या ‘सुपरस्टार व्हर्गो’वर मराठी पर्यटकांच्या सहलींनी तिची चव घेतली. मग २०१६ च्या डिसेंबरपासून इटलीच्या कोस्टा कंपनीचं जहाज मुंबईहून सुटू लागलं, २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ आली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागलं. १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेलं हे जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे होतं. आता त्यावर भारतीय कुटुंबांचीच गर्दी असते आणि अशा गर्दीत कुर्ता-पायजम्याकडे कोण वळून पाहणार?

कुर्ता नको, पाश्चात्त्य थाटच हवा, असं मूल म्हणत असेल तर सोलापूरकराला दूर जायला नको. हे चादरी-टॉवेलांचं गाव गणवेशांचंही आहे. इथल्या रेडिमेड कापड उत्पादक संघानं २०१७ मध्ये गणवेशांचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं आणि इथं शिवलेले गणवेश परराज्यांतल्या शाळांत जातात. शाळेच्या पँटच्या कापडात पॉलिस्टरचा अंश असतो. त्यामुळे ती फारशी चुरगळत नाही, धुतली की लवकर वाळते. हा गुण बोटीवर सोन्यासारखा, कारण बहुतेक क्रूझवर आगीच्या भीतीनं खोलीत इस्त्री नेऊ देत नाहीत. सामान तपासताना सापडली तर काढून घेतात. काही जहाजांवर इस्त्रीची वेगळी खोली असते, पण सुट्टीत तिथं ताटकळायचं कुणाला? तेव्हा गडद निळी किंवा राखाडी पँट, अर्ध्या बाह्यांचा कॉलरवाला शर्ट, बंद बूट. स्मार्ट कॅज्युअल म्हणतात ते हेच. खिशावर शाळेचा बिल्ला शिवलेला नसला म्हणजे झालं. ब्लेझर मात्र घरीच राहू द्यावा. तो निम्मी बॅग खातो आणि सूप येण्याआधीच खुर्चीच्या पाठीवर जातो.

मुलींच्या बाबतीत गोंधळ जास्त, कारण दुकानात समोर येतो तो नेटचा, टिकल्यांचा, आत कॅन-कॅन लावलेला फ्रॉक. फोटोत तो छान दिसतो. बोटीवरचं जेवण मात्र चार-पाच टप्प्यांत, सावकाश येतं आणि दुसऱ्या टप्प्यालाच “आई, टोचतंय” सुरू होतं. डेकवरचा वारा घेरदार कपड्याला सोडत नाही, म्हणून आत लेगिंग हवीच. पायघोळ लेहेंगा जिन्यात पायात येतो आणि बोटीचे जिने हलतात. त्यापेक्षा गुडघ्याखाली येणारा सुती अस्तराचा फ्रॉक किंवा सलवार-कुर्ता घ्यावा. रंग शक्यतो गडद, कारण पहिल्याच रात्री त्यावर टोमॅटो सूप सांडणार आहे.

पादत्राणांची हयगय करू नये. डेक ओला असतो, काही दारांना उंच उंबरे असतात. टाचांच्या सॅंडली किंवा फटक-फटक वाजणाऱ्या स्लिपरा दोन्ही तिथं धोक्याच्या. मागून पट्टा असलेली, रबरी तळाची सॅंडल चालते, पण ती आधी आठवडाभर घरी वापरलेली असावी. कोऱ्या बुटांनी काय होतं ते ‘कूरलँड’वरच्या पोरांनी भोगलंच आहे.

आणखी एक गोष्ट सोलापूरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही : थंडी. मे महिन्यात चाळीस अंशांपलीकडच्या उन्हातून निघालेलं कुटुंब स्वेटर घेईल कशाला? पण जहाजावरचं जेवणघर एसीनं गार केलेलं असतं आणि मूल तासभर एका जागी बसलेलं असतं. पातळ जाकीट किंवा बटणाचा स्वेटर प्रत्येकाचा एकेक हवा.

वेळेचंही बघावं. अनेक जहाजांवर जेवणाच्या दोन पंगती असतात, पहिली संध्याकाळी सहाच्या आसपास, दुसरी आठ-साडेआठला. नऊला जेवणाऱ्या घराला दुसरी पंगत बरी वाटते, पण दिवसभर तलावात डुंबलेलं पाच वर्षांचं पोर तेव्हा ताटावरच पेंगतं. त्याला उचलून खोलीवर न्यायचं आहे हे धरूनच कपडे निवडावेत. पट्टा, बो, पिना नकोत. पहिल्या पंगतीत जेवणाऱ्या मुलांना नंतर किड्स क्लबमध्ये जाऊन जमिनीवर लोळायचं असतं, त्यांनाही हेच लागू. डिस्नेच्या जहाजांवर एक रात्र चाच्यांची असते. तेव्हा डोक्याला रुमाल आणि डोळ्यावर काळी पट्टी बांधून जेवायला येणारी मुलंच सर्वांत नियमात असतात.

धक्क्यावर मोठ्या बॅगा कर्मचाऱ्यांच्या ताब्यात द्याव्या लागतात आणि त्या खोलीच्या दाराशी यायला काही तास जातात, कधी संध्याकाळ होते. तोवर पहिलं जेवण येऊन ठेपलेलं असतं. म्हणून मुलांचा एक जोड, सॅंडल, स्वेटर आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. पोहण्याचे कपडे वरच असावेत, कारण जहाजात पाऊल टाकल्यावर पाचव्या मिनिटाला तेच मागितले जातात.