पुरुष-वंध्यत्वावरील शस्त्रक्रिया : यशाचा आकडा वाचताना

विवाहाला दोन-तीन वर्षे होऊनही घरात पाळणा हलला नाही, की तपासण्यांचा प्रारंभ सुनेपासून होतो. सोनोग्राफी, हार्मोनच्या चाचण्या, गर्भनलिकांची तपासणी, दुर्बिणीतून पाहणी असे सारे सोपस्कार पार पडतात आणि तोवर मुलाची साधी वीर्यतपासणीही झालेली नसते. सुशिक्षित, संपन्न घरांतही हे चित्र दुर्मीळ नाही. वस्तुतः अपत्य न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषातील दोषाचा काही ना काही वाटा असतो आणि साधारण पाचांतील एका जोडप्यात दोष केवळ पुरुषातच असतो. वीर्यतपासणीला भूल लागत नाही, टाका लागत नाही, दुकान एक दिवसही बंद ठेवावे लागत नाही. ती टाळली जाते ती संकोचापोटी, आणि त्या संकोचाची किंमत सुनेच्या वयातील वर्षांनी चुकती होते.

ही तपासणी दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर करावी आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावी. एका अहवालावरून निर्णय घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा आहे. आकडा त्याखाली गेला म्हणजे पितृत्व अशक्य, असा त्याचा अर्थ नव्हे. काहींच्या अहवालात मात्र शून्य येते. सर्व पुरुषांचा विचार केला तर अशांचे प्रमाण शंभरात एक, आणि वंध्यत्वासाठी उपचार घेणाऱ्या पुरुषांत ते दहा ते पंधरा. या शून्याचेही दोन प्रकार असतात. एकात उत्पादन चालू असते, पण माल बाहेर येण्याचा रस्ता बंद असतो. दुसऱ्यात मुळात उत्पादनच नसते किंवा नाममात्र असते. कोणती शस्त्रक्रिया करायची, करायची की नाही, आणि तिच्याकडून अपेक्षा किती ठेवायची, हे सारे या भेदावर अवलंबून असते. (शरीर कमावण्यासाठी व्यायामशाळेत टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांतही शुक्राणूंची संख्या शून्यावर येऊ शकते. तेथे शस्त्रक्रियेचा प्रश्न नसतो. आधी इंजेक्शने थांबवावी लागतात. डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवू नये.)

शस्त्रक्रियेने सुधारता येण्याजोग्या कारणांत सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे व्हेरिकोसील, अर्थात वृषणाच्या वरच्या बाजूच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या होणे. सर्वसाधारण पुरुषांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के, तर वंध्यत्वाच्या तक्रारीसाठी येणाऱ्यांत ३५ ते ४० टक्के असते. हा विकार बहुतांशी डाव्या बाजूला होतो, कारण डाव्या वृषणाची शीर लांबवर वर चढून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. झडपा कमकुवत असल्या की रक्त मागे साचते. शुक्राणू तयार होण्यास शरीरापेक्षा काहीसे कमी तापमान लागते. साचलेल्या रक्ताच्या उष्णतेने ते बिघडते. शस्त्रक्रियेत जांघेजवळ लहानसा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या शिरा बांधतात आणि धमनी व लसिकावाहिन्या जपतात. सूक्ष्मदर्शकामुळे विकार पुन्हा उद्भवण्याचे आणि वृषणाभोवती पाणी साचण्याचे प्रमाण पुष्कळच घटले आहे.

मात्र ही शस्त्रक्रिया सरसकट सर्वांसाठी नाही. शिरा डॉक्टरांच्या हाताला लागत असतील, वीर्यतपासणीत दोष असेल आणि पत्नीकडे मोठी अडचण नसेल, तरच तिचा विचार करावा. हाताला न लागणारी, केवळ सोनोग्राफीत दिसलेली शीर बांधून लाभ होतो, असे सिद्ध झालेले नाही. तरीही सोनोग्राफीच्या अहवालातील एका ओळीवरून शस्त्रक्रियेची तारीख ठरते, हे योग्य नव्हे.

यशाच्या आकड्याचा प्रश्न येथूनच सुरू होतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण साठ-सत्तर टक्के पुरुषांच्या वीर्याचा अहवाल सुधारतो. पण अहवाल सुधारणे आणि पाळणा हलणे यांत अंतर आहे. २०११ साली ‘युरोपियन युरॉलॉजी’ या नियतकालिकात १४५ पुरुषांवरील एक पाहणी प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले होते. एका गटावर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्यावर नाही. वर्षभरात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३२.९ टक्के जोडप्यांत नैसर्गिक गर्भधारणा झाली आणि न झालेल्यांत १३.९ टक्के. व्यापाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी. तेहतीस हा ढोबळ नफा. त्यातले चौदा शस्त्रक्रियेविनाही पदरात पडलेच असते. शस्त्रक्रियेचा निव्वळ लाभ शंभर जोडप्यांमागे एकोणीस. हा लाभ लहान नाही, खर्चाच्या व त्रासाच्या मानाने चांगलाच आहे. परंतु माहितीपत्रकात छापलेला असतो तो साठ-सत्तरचा आकडा.

शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर पहिली तपासणी तीन महिन्यांनी करतात आणि पुढेही काही महिने वाट पाहावी लागते. पत्नी सव्वीस वर्षांची असेल तर ही प्रतीक्षा परवडते. ती सदतीस वर्षांची असेल, तर तेच वर्ष फार महाग पडू शकते. अशा वेळी थेट प्रयोगशाळेतील गर्भधारणेकडे वळावे का, हा प्रश्न दोघांनी मिळून डॉक्टरांसमोर ठेवावा.

नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया ही निराळी बाब. अपत्य दगावल्यावर किंवा पुनर्विवाहानंतर ती करण्याची वेळ येते. कापलेल्या शुक्रवाहिनीची आतली पोकळी मिलिमीटरच्या सुमारे एक तृतीयांश एवढी अरुंद. तिची दोन टोके सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने जोडतात. अमेरिकेत १,४६९ शस्त्रक्रियांचा मोठा आढावा १९९१ साली प्रसिद्ध झाला. नसबंदीला तीन वर्षे पूर्ण होण्याआधी जोडणी झालेल्यांपैकी ९७ टक्क्यांच्या वीर्यात शुक्राणू परतले आणि ७६ टक्क्यांकडे गर्भधारणा झाली. तीन ते आठ वर्षे लोटली असता हे आकडे ८८ आणि ५३. नऊ ते चौदा वर्षांनंतर ७९ आणि ४४. पंधरा वर्षांपलीकडे ७१ आणि ३०. पहिला आकडा सावकाश उतरतो, दुसरा झपाट्याने. मार्ग दीर्घकाळ बंद राहिला, की मागे साठलेल्या दाबाने वृषणाला लगटून असलेल्या नाजूक नलिकेतही दुसरा अडथळा तयार होतो, आणि दरम्यान पत्नीचे वयही वाढलेले असते. ‘नळी मोकळी झाली’ हे शल्यविशारदाचे यश खरेच. कुटुंबाचे यश मात्र दुसऱ्या आकड्यात आहे.

नसबंदीखेरीज जंतुसंसर्ग, क्षयरोगाचे व्रण, बालपणी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत नळीला झालेली इजा अशा कारणांनीही मार्ग बंद होतो. काहींना जन्मतःच शुक्रवाहिन्या नसतात. तेथे जोडण्यासारखे काही नसल्याने वृषणातून किंवा त्याला लगटलेल्या नलिकेतून सुईने शुक्राणू काढून ‘इक्सी’ पद्धतीने, म्हणजे एका बीजात एकच शुक्राणू टोचून, गर्भ तयार करतात. उत्पादन चालू असल्यामुळे शुक्राणू नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा मिळतात. मात्र या जन्मजात दोषाचे नाते सिस्टिक फायब्रोसिस या गंभीर आनुवंशिक आजाराच्या जनुकाशी असते, म्हणून त्याआधी पतिपत्नी दोघांची जनुकीय तपासणी अवश्य करून घ्यावी.

सर्वांत कठीण प्रकार म्हणजे उत्पादनच नसणे. पूर्वी अशा पुरुषाला दत्तक किंवा परक्या पुरुषाचे शुक्राणू एवढेच मार्ग सुचवीत. १९९२ साली ब्रुसेल्समध्ये ‘इक्सी’चे पहिले यश नोंदले गेले आणि चित्र पालटले, कारण आता कोट्यवधी नव्हे, मोजके शुक्राणूही पुरेसे ठरू लागले. १९९९ साली न्यूयॉर्कचे डॉ. पीटर श्लेगल यांनी ‘मायक्रो-टेसी’ ही पद्धत मांडली. तिच्यात वृषण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली शोध घेतात. ज्या नलिका इतरांहून जाड व अपारदर्शक दिसतात, त्यांतच शुक्राणू असण्याचा संभव असतो. तेवढाच ऊतीचा भाग काढतात. त्यांच्या पहिल्या अहवालात जुन्या पद्धतीने ४५ टक्के, तर नव्या पद्धतीने ६३ टक्के प्रयत्नांत शुक्राणू मिळाले. छेदही पाहावा : जुन्या पद्धतीचे प्रयत्न बावीस, नव्या पद्धतीचे सत्तावीस.

या शस्त्रक्रियेआधी रक्तातून वाय गुणसूत्राची तपासणी करतात. त्या गुणसूत्राच्या ‘ए’ किंवा ‘बी’ या विभागाचा पूर्ण लोप असेल, तर शुक्राणू सापडण्याची शक्यता जवळजवळ नसते आणि शस्त्रक्रिया टाळलेलीच बरी. लोप ‘सी’ विभागाचा असेल तर आशा बरीच असते, मात्र तो दोष पुढे मुलग्यांकडे जातो. थोड्याशा रक्तावर होणारी ही तपासणी न करताच रुग्णाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेणे, हा शुद्ध निष्काळजीपणा म्हणावा लागेल.

ब्रुसेल्सच्याच तज्ज्ञांनी २०१५ साली या प्रकारच्या ७१४ पुरुषांचा हिशेब प्रसिद्ध केला. वृषणातून शुक्राणू मिळाले ४०.५ टक्क्यांना. ‘इक्सी’पर्यंत पोहोचलेल्या जोडप्यांपैकी, सर्व फेऱ्या मिळून, ३७ टक्क्यांना अपत्य झाले. आणि शस्त्रक्रियेसाठी प्रथम आलेल्या सर्व पुरुषांचा विचार केला तर स्वतःचे अपत्य लाभले १३.४ टक्क्यांना, म्हणजे सातांतील एकाला. चाळीस, सदतीस आणि तेरा. तिन्ही आकडे खरे, एकाच संस्थेचे, त्याच रुग्णांचे. यांपैकी कोणता भिंतीवर लावला जाईल, हे सांगायला नको. जोडप्याने मात्र तिसरा विचारावा : या टप्प्यावर तुमच्याकडे आलेल्या शंभर जोडप्यांपैकी किती जणांच्या घरी मूल आले? त्या स्त्रियांचे वय काय होते? तो हिशेब या रुग्णालयाचा की परदेशी निबंधातला?

असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार या केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे, आणि आपल्या केंद्रातील यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम व धोके जोडप्याला समजावून सांगणे हेही त्यांचे कर्तव्य आहे. याच कायद्याने अशा उपचारासाठी स्त्रीला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षांची वयोमर्यादा घातली आहे.

खर्चाविषयी एक व्यवहाराची गोष्ट. आरोग्यविम्याच्या प्रमाणित अपवादांत वंध्यत्वावरील उपचार, कृत्रिम गर्भधारणा आणि नसबंदी उलटवणे यांचा समावेश आहे. काही पॉलिसींत जादा हप्ता भरून मर्यादित संरक्षण मिळते. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी पॉलिसीतील अपवादांचे कलम वाचावे आणि दावा मान्य होईल की नाही, याचे उत्तर विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. एजंटाचे तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.